हिशेबाची वही आणि पाचारण

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून पत्रातला लागेल तेवढाच भाग देते (मंडळी म्हणजे आपलं चर्च, आणि पाचारण म्हणजे सेवेसाठी आलेली देवाची हाक):

‘मी 14 वर्षं आमच्या मंडळीची खजिनदार आहे. माझा धाकटा चुलतभाऊ आणि त्याची पत्नी 9 वर्षांपासून दूर, परक्या भाषेच्या लोकांत मिशनरी म्हणून काम करतात. त्यांच्या खर्चाचा काही भाग आमची मंडळी उचलते आणि तो माझ्या हातून जातो. मागच्या वर्षी तो सुट्टीवर आला होता. उपासनेत संदेश देताना म्हणाला, “ज्याला खरं पाचारण असतं तो निघतो. बाकीचे घर सांभाळतात.” सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. माझ्या शेजारी माझी 19 वर्षांची मुलगी बसली होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, “आई, तुला कधीच पाचारण आलं नाही का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वहीसमोर बसले की वाटतं, मी देवाची सेवा करते की नुसती बेरीज-वजाबाकी? खजिनदारपद सोडून द्यावं असं मनात येतं. भावाशी बोलावं की गप्प बसावं, कळत नाही. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्याचे शेवटचे दोन तिमाही अहवाल मी किरकोळ चुकांसाठी परत पाठवले. एका पावतीवर तारीख नव्हती, दुसऱ्यात बेरीज थोडी चुकली होती. एका फोनवर निस्तरलं असतं. पहिल्या वेळी त्याचे पैसे पाच आठवडे उशिरा गेले. दुसऱ्या वेळचे अजून गेलेले नाहीत.’

प्रिय ताई,

शेवटची वाक्यं लिहिताना तुमचा हात जड झाला असणार. बाकीचं पत्र एका ओळीत सरळ लिहिलेलं आहे, तिथं मात्र दोनदा खाडाखोड आहे. ती वाक्यं तुम्ही लिहिलीत म्हणून मला तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येतंय. नुसतं मन दुखावल्याचं पत्र असतं तर चार दिलाशाचे शब्द लिहून मी थांबले असते. त्या अहवालांकडे मी येणार आहे. पण आधी तुमच्या मुलीचा प्रश्न घेऊ.

तिला तो प्रश्न पडला यात तिची चूक नाही. पाचारणाचं एकच चित्र तिनं मंडळीत पाहिलं आहे. कुणी दूर निघालं की त्याला पुढे बोलावतात, पाळक आणि पंच हात ठेवून प्रार्थना करतात, लोकांचे डोळे भरून येतात. खजिनदार नेमताना काय होतं? वार्षिक सभेचा शेवटचा विषय असतो, सगळे घड्याळाकडे बघत असतात आणि अध्यक्ष विचारतात, “ताईच पुढे चालू ठेवतील ना?” तुम्ही मान हलवता, सभा संपते. या 14 वर्षांत तुमच्यावर हात ठेवून कुणी एकदा तरी प्रार्थना केली असेल असं मला वाटत नाही. मुलगी हे बघत मोठी झाली.

आता तिच्यासोबत बसून बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडा. हात ठेवून सेवेला नेमल्याची त्या पुस्तकातली पहिली गोष्ट सहाव्या अध्यायात आहे, आणि ज्यांच्यावर हात ठेवले ते सात जण कुठे जायला निघाले नव्हते. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून वगळल्या जात होत्या. ते वाटप नीट व्हावं म्हणून ही माणसं हवी होती. त्यासाठी प्रेषितांनी अट काय घातली? माणूस चांगल्या नावाचा असावा, पवित्र आत्म्यानं आणि ज्ञानानं भरलेला असावा. ताटं नीट पोचवायला! त्याच सातांतला स्तेफन पुढे साक्ष देताना दगडांखाली मेला आणि फिलिप्पानं शोमरोनात सुवार्ता नेली, हे आपण संडे स्कूलमध्ये शिकतो. पण त्यांची नेमणूक वाटपासाठी झाली होती, हे शिकवताना आपण घाईनं पुढे जातो.

अंत्युखियाच्या मंडळीनं बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं, ते तेराव्या अध्यायात. मिशन संडेला हाच भाग हमखास वाचतात. मुलीला दोन पानं मागे न्या. अकराव्या अध्यायाच्या शेवटी, दुष्काळ पडणार असं कळल्यावर, याच मंडळीनं याच दोघांच्या हाती यहूदीयातल्या भावांसाठी मदत पाठवलेली आहे. ज्या जोडीला आपण मिशनरी कार्याचे आरंभक मानतो, ती अंत्युखियातून पहिल्यांदा बाहेर पडली ती पैसे पोचवायला. बाराव्या अध्यायाचं शेवटचं वचन सांगतं की ते सेवा पुरी करून परत आले. तिथं शब्द ‘सेवा’ असाच आहे. ती पुरी झाल्यावर पुढची हाक आली.

आणखी एक जागा दाखवते, कारण ती खास तुमची आहे. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता आणि रक्कम मोठी होती. तो आपला सोबती तीत याला पाठवतो आणि सोबत एका भावाला पाठवतो. सुवार्तेच्या कामात ज्याची सगळ्या मंडळ्यांमध्ये वाहवा आहे, असा हा भाऊ. मंडळ्यांनी त्याला त्या देणगीसोबत प्रवास करायला निवडलं आहे. पौल कारणही देतो: एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवहारात आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये, जे चांगलं ते प्रभूच्या दृष्टीनं आणि माणसांच्याही दृष्टीनं चांगलं असावं. त्या भावाचं नाव पौलानं लिहिलेलं नाही. तो लूक असेल की आणखी कुणी, यावर अभ्यासक आजवर तर्क करत आले आहेत. माझं लक्ष मात्र पौलाकडे जातं. माझ्यावर विश्वास नाही का, माझ्यासोबत माणूस कशाला, असं तो म्हणत नाही. त्या माणसाची त्याला गरज वाटते. आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून कुणीतरी पैशाशेजारी उभं असावं, हे त्याला कळलेलं आहे.

ताई, तुमची वही तुमच्या भावाच्या नावाशेजारी तशीच उभी आहे. तो दूर, परक्या लोकांत असतो आणि इकडे कुणी विचारतं, “पैसे जातात कुठे?” तेव्हा तो उत्तर द्यायला इथं नसतो. त्याच्या वतीनं तुमची वही उत्तर देते. बेरीज-वजाबाकी म्हणता ती हीच.

करिंथकरांस पहिल्या पत्रातला शरीराचा दाखला तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. डोळ्याला हाताला म्हणता येत नाही, मला तुझी गरज नाही. तुमच्या मनात ते वचन भावाच्या दिशेनं गेलं असणार, आणि ते चूक नाही. पण पौल डोळ्याशी नंतर बोलतो. आधी तो पायाशी बोलतो. पाय म्हणाला की मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तर तेवढ्यानं तो शरीराचा नाही असं होतं का? पायाला कुणी हाकललेलं नाही, तो आपणहून बाहेर चालला आहे. तुमचं ‘पद सोडून द्यावं’ मला तिथं ऐकू येतं. (त्याच अध्यायाच्या शेवटी कृपादानांच्या यादीत ‘व्यवस्था’ आहे. मूळ ग्रीक शब्द जहाजाच्या सुकाणूशी नातं सांगतो. ज्यानं कधी होडीत पाय ठेवला आहे त्याला सुकाणूवरच्या माणसाची किंमत समजावून सांगावी लागत नाही.)

हे सगळं खरं असलं, तरी वचनं वाचून मनातली सल जात नाही, हे मला माहीत आहे. मी स्वतः तीस वर्षांहून जास्त काळ एका मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होते, त्यातली बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. सगळी अंगं सारखीच मोलाची, हे मला तोंडपाठ होतं. आणि तरीही थिएटरच्या मागच्या खोलीत ऑटोक्लेव्हवर, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या बाईंशी माझं बोलणं वर्षानुवर्षं एकाच वाक्याचं होतं. दार अर्धं उघडून मी विचारायची, “ड्रम झाला का?” (ड्रम म्हणजे गाऊन, गॉझ भरून वाफेत ठेवायचा डबा.)

एकदा त्या आठवडाभर आजारी पडल्या आणि मला त्या खोलीत पाठवलं. मला तो कमीपणा वाटला. तिथं काय काय असतं ते पहिल्या दिवशी कळलं. गाऊन उलटा घडी करायचा, म्हणजे घालणाऱ्याचा हात फक्त आतल्या बाजूला लागतो. गॉझचे तुकडे मोजून गठ्ठे बांधायचे, कारण पोट शिवण्याआधी तेच मोजले जातात आणि एक जरी कमी आला तर सगळ्यांचे हात थांबतात. ड्रमच्या कडेला भोकं असतात. आत ठेवताना ती उघडी हवीत, वाफ आत शिरली पाहिजे. बाहेर काढल्या क्षणी ती बंद करायची. टेपवरच्या फिकट रेघा काळ्या झाल्या की नाही ते बघायचं, वर तारीख घालायची. दुसऱ्या दिवशी मी एका ड्रमची भोकं उघडायला विसरले. ती सगळी भट्टी पुन्हा लावावी लागली. सकाळचं पहिलं ऑपरेशन दोन तास खोळंबलं, पेशंट उपाशीपोटी टेबलाची वाट बघत राहिला, आणि दार अर्धं उघडून कुणीतरी मला विचारलं, “ड्रम झाला का?”

त्या बाई परत आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, “सोमवारच्या हर्नियाच्या आजोबांना घरी सोडलं का?” मला सांगता येईना. सोमवारी, त्या खोलीत पाठवण्याआधी, थिएटरमध्ये त्या आजोबांच्या उशाशी मी होते. या बाई घरी तापानं झोपून होत्या. पण ऑपरेशनची यादी आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे येत असे, आणि प्रत्येक ड्रम भरताना त्या त्या पेशंटचं नाव घेऊन त्या प्रार्थना करत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. ती खोली मला पंधरा पावलांवर होती.

त्या दिवसापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते अजून बदललेलं नाही. दुसऱ्याच्या सेवेचा आदर ठरवून मनात आणता येत नाही. तिची माहिती करून घ्यावी लागते, बारीकसारीक, हाताला लागेल इतकी. आपण ज्या कामाला हलकं म्हणतो ते बहुतेक वेळा आपण पाहिलेलंच नसतं. तुमचा भाऊ ‘घर सांभाळणं’ म्हणाला, कारण तिमाही बंद करताना रात्री अकरापर्यंत तुम्ही काय करता ते त्यानं कधी पाहिलेलं नाही. आणि तुम्हीही, रागावू नका, त्याच्या 9 वर्षांतलं काय पाहिलं आहे? तुमच्या चार पानांत त्याच्याविषयी जे आहे ते एक वाक्य आणि दोन अहवाल.

त्याला विचारा. नवी भाषा शिकताना त्याला कसं झालं? मोठा, शिकलेला माणूस आणि बाजारात दोन वर्षांच्या पोरासारखं बोलतो, लोक हसतात, तोही हसतो आणि घरी येऊन गप्प बसतो. त्याच्या पत्नीला बोलायला कोण आहे? मुलं शाळेसाठी दूर राहतात का, आणि मुलांचा निरोप घेऊन परतताना वाटेत दोघं काय बोलतात? वचन त्या भाषेत सांगताना कोणत्या शब्दावर अडतं? ज्यांनी मेंढरू कधी पाहिलं नाही त्यांना चांगला मेंढपाळ कसा सांगायचा, यावर आठवडेच्या आठवडे जातात. तिथं मोजून दाखवण्यासारखं वर्षअखेरीस फार थोडं हाती असतं. आणि सुट्टीवर आला की त्याला दर रविवारी नव्या मंडळीपुढे उभं राहून डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी सांगावं लागतं, कारण पुढच्या तीन वर्षांचा आधार त्यावर असतो. अशा वेळी तोंडून एखादं वाक्य गरजेपेक्षा मोठं निघतं. त्याचं समर्थन मी करत नाही. ते वाक्य कुठल्या थकव्यातून आलं असेल, एवढंच सांगते.

कारण ते वाक्य मला मान्य नाही. ‘ज्याला खरं पाचारण असतं तो निघतो’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानं माणसं मोडलेली आहेत. इंग्लंडचा मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये भारतात आला, तेव्हा त्याची पत्नी डॉरथी आधी यायला तयार नव्हती. तान्हं मूल कडेवर होतं. अगदी शेवटच्या दिवसांत, बहीण सोबत येणार असं ठरल्यावर, ती निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डॉरथीचं मन त्यानंतर सावरलं नाही. भ्रमिष्ट अवस्थेत तिनं पुढची वर्षं काढली आणि 1807 मध्ये ती गेली. निघालेल्यांची यादी केली तर तिचं नाव त्यात येईल. तिला पाचारण होतं का, हे कुणी नीट विचारलं होतं? कॅरीच्या कामाबद्दल माझ्या मनात फार मोठा आदर आहे, आपल्या भाषेचं व्याकरण त्यानं 1805 मध्ये छापलं. पण त्याचं चरित्र सांगताना डॉरथीला गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

उलट बाजूही सांगते, म्हणजे तुमच्या भावावर अन्याय होणार नाही. घरी राहिलं म्हणून ते आपोआप पाचारण होत नाही. भीतीनं, सवयीनं, पगाराच्या मोहानं राहणारेही असतात, आणि कामकऱ्यांची वाट बघत एकटा पडलेला मिशनरी त्यांना उद्देशून कळवळून बोलतो तेव्हा त्याला तो हक्क आहे. जाणारा आणि राहणारा दोघांना सारखीच किंमत मोजावी लागते असंही म्हणू नका. त्यानं सोडलेलं तुम्ही सोडलेलं नाही. हे मोठ्या मनानं मान्य करा, त्यानं तुमचं काही कमी होत नाही.

आता अहवाल.

कॅरीबद्दल निघालंच आहे तर त्याच गोष्टीचा दुसरा भाग सांगते. 1792 मध्ये इंग्लंडात केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचा चिटणीस अँड्र्यू फुलर. तो भारतात कधीच आला नाही. आपली मंडळी सांभाळून, स्कॉटलंडपर्यंत हिंडून त्यानं पैसा गोळा केला, 1815 मध्ये मरेपर्यंत. कॅरी खोल खाणीत उतरतो आणि आम्ही वर दोरी धरून उभे आहोत, ही उपमा त्याचीच. तिकडे बंगालमधल्या श्रीरामपूरला कॅरी भाषांतर करत होता, त्याचे सहकारी वॉर्ड छापखाना आणि जोशुआ व हॅना मार्शमन शाळा चालवत होते. मिळकत सगळी एका सामाईक पेटीत जाई. 1812 मध्ये छापखाना जळाला, तेव्हा इंग्लंडात थोड्याच दिवसांत पैसा उभा राहिला, कारण दोरी धरणारे खालच्या माणसांना ओळखत होते.

फुलर गेला. समितीत नवे लोक आले. बहुतेकांनी कॅरीला कधी पाहिलेलं नव्हतं. मालमत्ता कुणाच्या नावावर, हिशेब कुणाला द्यायचा, यावरून पत्रं जाऊ-येऊ लागली. ज्यांनी आपल्या कमाईतली बहुतेक सगळी मिशनला दिली होती त्यांच्यावर पैसा साठवल्याचा संशय घेतला गेला. हिशेब मागणं चूक नव्हतं. पण मागणारे आणि देणारे एकमेकांना परके झाले होते, आणि परक्या माणसाची प्रत्येक चूक लबाडी दिसते. 1827 मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. पुढे ते पुन्हा जुळले, पण तोवर वॉर्ड आणि कॅरी दोघेही या जगात नव्हते.

ताई, तुमच्या मंडळीत हे दोन अहवालांनी सुरू झालं आहे. नियम तुमच्या बाजूनं होता, म्हणून कुणाला दिसलं नाही. तारीख नसलेली पावती परत पाठवणं हे खजिनदाराचं कामच आहे. पण त्या दिवशी ती पावती तुम्ही खजिनदार म्हणून परत पाठवली नाहीत, हे तुम्हीच लिहिलं आहे. भावाच्या नावाशेजारी उभी असलेली वही तुम्ही त्याच्याकडे रोखलीत. पाच आठवडे त्या घरात काय झालं असेल, कुणाकडून उसने घेतले असतील, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते विचारावं लागेल.

पैसे आधी पाठवा. बोलणं नंतर. बेरीज तुम्हीच दुरुस्त करा, त्यावर सही घ्या, आणि रक्कम जाऊ द्या. मग पाळकांना किंवा अध्यक्षांना भेटून काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगा. हे मी तुम्हाला खाली पाहायला लावण्यासाठी सांगत नाही. मंडळीचा पैसा अडला होता, म्हणून ती गोष्ट आता केवळ तुमची नाही. तिथंच एक सूचना मांडा: कारकुनी चुकीसाठी मिशनरीचा पैसा थांबू नये, फोनवर खुलासा घेऊन रक्कम सोडावी आणि कागद मागाहून पुरा करावा, आणि अहवाल परत पाठवायचाच असेल तर दोन सह्या लागाव्यात. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी असेल, त्याचंही मन कधी दुखेल.

भावाशी बोला, आणि क्रम बदलू नका. आधी अहवालांचं सांगा. ‘तू असं म्हणालास म्हणून मी असं केलं’ असं नको, नुसतं ‘मी हे केलं, माझं चुकलं’ एवढंच. मग थांबा. तो काय म्हणतो ते ऐका, तो रागावला तर रागावू द्या. तुमचं दुखणं त्यानंतर, जमलं तर त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या वेळी. आधी दुखणं सांगून मग कबुली दिली, तर ती कबुली राहत नाही, सफाई होते. आणि दुखणं सांगाल तेव्हा मुलीचा प्रश्न त्याला जसाच्या तसा सांगा. व्यासपीठावरून बोललेलं वाक्य कुणाच्या घरी जाऊन कसं उतरतं, हे बोलणाऱ्याला कळत नाही. त्याला ते कळलं पाहिजे, त्याला अजून पुष्कळ व्यासपीठांवर उभं राहायचं आहे. समजूतदार असेल तर पुढच्या सुट्टीत त्याच मंडळीपुढे तो स्वतःच काही बोलेल. तुम्ही तसं मागू नका.

पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मार्क बर्णबाचा नातलगच होता, म्हणजे घरातल्या माणसांवरून सेवेत कटुता येणं नवं नाही. पुष्कळ वर्षांनी तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत त्यांच्यात काय बोलणं झालं ते पवित्र शास्त्र सांगत नाही. झालं असणार एवढं नक्की.

खजिनदारपद आत्ता सोडू नका. आज सोडलंत तर भावाच्या एका वाक्यानं तुम्हाला उठवलं असं होईल, आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला चुकीचं मिळेल. एक वर्ष थांबा. एखाद्या तरुणाला शेजारी बसवून काम शिकवा. त्यानंतर सोडावंसं वाटलं तर प्रार्थना करून, आनंदानं, चोख वही हातात देऊन सोडा. पाळकांना मात्र आत्ताच सांगा की या वर्षी खजिनदार आणि पंच नेमले जातील तेव्हा त्यांनाही पुढे बोलावून हात ठेवून प्रार्थना करावी. तुम्हाला हे स्वतःसाठी मागायला संकोच वाटेल, तर माझं हे पत्र दाखवा.

आणि मुलगी. पुढची तिमाही बंद करताना तिला रात्री शेजारी घेऊन बसा. पावत्या तिला लावू द्या. भावाच्या तिकडच्या पावत्या हाती येतील तेव्हा प्रत्येक पावती कशाची, हे दोघी मिळून विचारत जा: ही बोटीची का, ही औषधांची का, ही कुणासाठी घेतली असेल? जे कळणार नाही ते त्याला लिहून विचारा. कदाचित त्या पावत्या लावता लावताच तिला वाटेल की आपण तिकडे जावं. वाटलं तर तुमचं दुखणं तिच्या वाटेत आणू नका. तिची परीक्षा घ्या, घाई करू देऊ नका, पण दार लावू नका. आणि तिला वाटलं की आपण इथंच बसून आईसारखी वही लिहावी, तर तेही तिला कमीपणाचं वाटू देऊ नका.

उद्या सकाळी वही उघडाल तेव्हा पहिली नोंद त्या अडलेल्या रकमेची करा. ती त्याला पोचली की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते.

तुमची,
एक जुनी सिस्टर